कुपनावरचं माहेरचं नाव

ऑगस्टची अठ्ठावीस तारीख होती आणि मी मुद्देमालाच्या खोलीत मोजणी करत होते. ही तारीख सांगायला मला डायरी उघडावी लागत नाही. गणपतीला बारा दिवस उरले होते. लालबाग-परळ भागातल्या पोलीस ठाण्यात ते बारा दिवस म्हणजे काय, ते तिथे नोकरी केलेल्यालाच कळेल. मंडळांच्या परवानग्या, बॅरिकेडचे नकाशे, बाहेरून येणाऱ्या कुमकीची राहायची सोय, आणि मधेच वरून फर्मान: बंदोबस्ताआधी मुद्देमालाची यादी पूर्ण करा. मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होते. नाकाला रुमाल बांधून जप्त केलेल्या गॅस शेगड्या मोजत होते.

"मॅडम, फॅमिली मॅटर आहे," ठाणे अंमलदार दारातून म्हणाले. "बाईला फोन येतात. नवऱ्याला फक्त नंबर कोणाचा तो पाहिजे."

"आपण काय टेलिफोन एक्स्चेंज आहोत? बसवा त्यांना. आले."

बाहेर तिघं होती. नवरा, त्याची आई आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली बायको. खुर्च्या दोनच होत्या आणि तिसरी मागायचं कोणाला सुचलं नव्हतं. नवरा परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे विभागात कामाला होता. सकाळी सात ते तीन ड्युटी. राहायला जवळच्याच चाळीत. त्याने बायकोचा मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला, जप्त केलेली वस्तू ठेवावी तसा.

"या नंबरवरून हिला फोन येतात. कोण आहे तेवढं सांगा. पुढचं आमचं आम्ही बघू."

"पुढचं काय बघणार?"

आई बोलली. "मॅडम, तो हिला माहेरच्या नावानं हाक मारतो. आमच्याकडे लग्नात नाव बदलतात. ताटात तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहिलं, अकरा वर्षं झाली. तेव्हापासून घरात, चाळीत, शाळेत, रेशनकार्डावर एकच नाव. जुनं नाव शेजारणीलाही ठाऊक नाही. मग याला कुठून ठाऊक? लग्नाआधीचाच कोणीतरी असणार ना?"

तर्क सरळ होता. तोच या केसमधला सगळ्यात मोठा खड्डा ठरला, आणि त्यात मीही पडले.

त्या बाईचं नाव मी इथे बदलून लिहिते आहे. माहेरची ती मेधा. खऱ्या नावातही यातलंच एक अक्षर होतं. ते बदलता येत नाही, कारण सगळी केस त्याच अक्षरावर उभी होती.

मी नवऱ्याला आणि सासूला बाहेरच्या बाकावर पाठवलं आणि तिला खुर्चीत बसवलं.

"फोन तुम्हाला आला. तक्रार तुमची. काय झालं ते तुम्ही सांगा."

ती आधी दाराकडे बघत राहिली. मग भराभर बोलली. जुलैपासून फोन यायचे. सकाळी, नवरा ड्युटीवर आणि सासू देवळात गेल्यावर. आवाज सभ्य, शिकलेल्या माणसाचा. नावाने हाक मारायचा, एकट्याच आहात का म्हणून विचारायचा, मुलगी शाळेत गेली का विचारायचा. ती फोन कट करायची. घरी सांगितलं नाही.

"का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर जे आता झालं ते महिनाभर आधी झालं असतं."

झालं होतं ते असं. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने रजा टाकली. सकाळी फोन वाजला, तो त्याने उचलला, बोलला मात्र काही नाही. पलीकडून आवाज आला. लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, मिस्टर नेहमीसारखे कामाला गेले ना? आणि सुरुवातीला ते नाव.

"आता घरात काय ठरलंय?" मी विचारलं.

"गणपतीला गावी जायचंय. गाडीची तिकिटं आधीच काढलीत. जाताना आम्ही सगळे, येताना मी नाही. मला वाटेत माहेरी सोडणार आणि मुलीला घेऊन परत येणार. माझं परतीचं तिकीट परवा कॅन्सल केलं." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "मुलगी नऊ वर्षांची आहे, मॅडम."

गणपतीच्या दोन दिवस आधी ते निघणार होते. म्हणजे माझ्याकडे दहा दिवस होते, आणि माझी सगळी माणसं बंदोबस्ताच्या तयारीत.

मी तिला तो प्रश्न विचारला, जो विचारावाच लागतो. "लग्नाआधी कोणी होतं का?"

"असता तर त्याच्याशीच लग्न केलं नसतं का?"

ती हे उद्धटपणे नाही, वैतागून म्हणाली. खोटं बोलणारी माणसं या प्रश्नाला लांब उत्तर देतात, शपथा घालतात. हिचं उत्तर एका ओळीचं होतं. तिथेच मला कळायला हवं होतं. तरीही मी तिच्या माहेरच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्याला चौकशीचं पत्र पाठवलं. कॉलेजमधले, शेजारचे, कोणी एकतर्फी मागे लागलेला. तिथला हवालदार वर्दीत तिच्या वडिलांच्या दारात जाऊन उभा राहिला. अख्ख्या वाडीला कळलं. चौकशीत काही निघालं नाही, उलट माहेरीही कुजबुज सुरू झाली. ती चूक माझी होती आणि ती मी इथे लिहून ठेवते.

दरम्यान डीसीपी ऑफिसमधून मंजुरी घेऊन त्या नंबरचे कॉल तपशील मागवले. सिमकार्ड परराज्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या नावावर. तिथल्या पोलिसांनी कळवलं की त्याने मुंबई पाहिलेली नाही आणि त्याच्या कागदांवर कोणी सिम काढलं हे त्याला माहीत नाही. फोन फक्त सकाळी चालू व्हायचा आणि टॉवर आमच्याच भागातला. त्या टॉवरखाली किती माणसं राहतात याचा अंदाज वाचकांनीच करावा. हाती एकच उपयोगाची गोष्ट लागली. त्याच नंबरवरून आणखी अकरा बायकांना फोन गेले होते. लालबाग, परळ, नायगाव. सगळ्या विवाहित.

मी आणि माझी महिला शिपाई, आम्ही दोघी साध्या कपड्यांत एकेकीच्या घरी गेलो. पहिलीने सांगितलं, राँग नंबर होता. दुसरीने सांगितलं, राँग नंबर. तिसरीचा नवरा घरी होता, ती म्हणाली, मला असा फोन आलाच नाही. तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. राँग नंबर चार चार वेळा येत नाही आणि दोन मिनिटं चालत नाही. माझ्याकडच्या कागदावर सेकंद लिहिलेले होते. पण मी तो कागद नवऱ्यासमोर तिच्या पुढे धरला नाही. एका घरात काय झालं ते मी बघत होते.

एक सप्टेंबरला संध्याकाळी मी जबाबांवर सही करायला बसले. आमचे लेखनिक हवालदार मालवणचे, पंचवीस वर्षं टायपिंग केलेले. मी त्यांना भाऊ म्हणायची. माझी एक सवय होती, जिच्यावरून सगळे सहकारी वैतागायचे. टाईप झालेला प्रत्येक जबाब मी पहिल्या ओळीपासून वाचल्याशिवाय सही करत नसे. बाईच्या जबाबात लिहिलं होतं, 'माझे माहेरचे नाव मेधा.' नवऱ्याच्या जबाबात होतं, 'सदर इसम फोनवर म्हणाला, मेघा, लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.'

"भाऊ, हे काय? एकीकडे ध, एकीकडे घ. दुरुस्त करा."

भाऊंनी चष्मा वर केला. "चूक नाय ती मॅडम. नवरो मेघाच म्हणालो. मी दोनदा विचारलंय."

मी तिथल्या तिथे नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "हो, मेघा. मेघाच ना तिचं नाव?"

अकरा वर्षांच्या संसारात त्याला बायकोचं माहेरचं नाव नीट माहीत नव्हतं. मी म्हटलं, फोन तिला द्या.

"तो तुम्हाला काय म्हणायचा? मेधा की मेघा?"

"मेघा. पहिल्या दिवसापासून. मी यांना सांगितलं होतं, तो नाव चुकीचं घेतो म्हणून. सासूबाई म्हणाल्या, लाडानं म्हणत असेल." मग ती म्हणाली, "कोण ऐकतंय, मॅडम?"

फोन ठेवला तेव्हा मला माझाच राग आला आणि त्याचबरोबर, खरं सांगते, अंगात वीज खेळली. लहानपणापासून ओळखणारा माणूस नाव चुकवत नाही. वर्गातला मुलगा, शेजारी, मामेभाऊ, ज्याने ते नाव कानाने ऐकलं आहे तो मेधाला मेघा म्हणणार नाही. हे नाव ऐकलेलं नव्हतं. हे वाचलेलं होतं. कोणाच्या तरी हाताने घाईत लिहिलेल्या 'ध'ची वरची गाठ नीट पडली नव्हती आणि कोणीतरी तो 'घ' वाचला होता. लग्नाआधीचा माणूस हा विषय तिथे संपला. आता माणूस नाही, कागद शोधायचा होता.

"माहेरचं नाव हल्ली कुठे हाताने लिहिलंत?" मी तिला दुसऱ्या दिवशी विचारलं. बँक नाही, शाळा नाही, रेशन नाही. तिला आठवेना. माहेरचं नाव लिहायची वेळच येत नाही, ती म्हणाली.

आठवण आम्हाला दुसरीकडून मिळाली. अकरा जणींच्या यादीतली नववी बाजारात मासे विकायची. साठीची, मालवणी, आवाज असा की बर्फ फोडणारा थांबून बघेल. मी भाऊंना बरोबर नेलं होतं. नाव घेतलं, नंबर दाखवला, आणि ही पहिली बाई जी राँग नंबर म्हणाली नाही.

"इलो तर! माका सांगता कसो, शेवंता, एकटीच आहेस का?" तिने हातातला कोयता पाटावर ठेवला. "मी म्हटलंय, शेवंता माझी म्हस होती रे मेल्या! ती मरान धा वर्सां झाली! तुझो फोन तिका लावून दिवू काय?"

भाऊंनी तोंड फिरवलं. मीही हसले असते, पण मला पुढचं ऐकायचं होतं. "मावशी, म्हशीचं नाव त्याला कुठून कळलं?"

ती जरा ओशाळली. बाजूच्या गिऱ्हाइकाला पापलेटाचा भाव सांगितला, मग हळू आवाजात म्हणाली, "वटपौर्णिमेक ती सोडत नाय होती? सासर-माहेर सोडत. पैठणी होती. एका बाईक एकच कुपन. मी चार भरलंय. सुनेचा नाव, जावेचा, नणंदेचा. चवथां नाव सुचना नाय, म्हशीचां लिवलंय."

"आणि फोन नंबर?"

"तो माझो. खरो. पैठणी लागली तर फोन कोणाक करतले, म्हशीक?"

मी तिथेच वहीत लिहून घेतलं. शेवंता हे नाव आणि हा मोबाइल नंबर जगात एकाच कागदावर एकत्र होते. वटपौर्णिमेच्या सोडतीच्या कुपनावर. मेधाला फोन केला आणि एवढंच विचारलं, "सोडतीचं कुपन भरलं होतं?" ती एकदम म्हणाली, "अय्या, हो! देवीच्या देवळाबाहेर, वडाला सूत गुंडाळून आलो आणि तिथेच उभ्याउभ्या भरलं. माहेरचं नाव विचारलं होतं, मला किती बरं वाटलं होतं."

त्या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला.

सोडत घेणाऱ्या महिला मंडळाच्या अध्यक्षा भल्या बाई होत्या. त्यांनी उरलेलं कोरं कुपन काढून दिलं. स्वतःचं नाव, माहेरचं नाव, मिस्टरांचं नाव, लग्नाची तारीख, मुलं किती आणि कोणत्या शाळेत, पत्ता, मोबाइल, आणि शेवटी 'बक्षीस पोचवण्यासाठी घरी असण्याची वेळ'. म्हणजे घरात बाई एकटी कधी असते हे आपणच छापील रकान्यात विचारत होतो आणि बायका आनंदाने लिहून देत होत्या. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत होतं, सदर माहिती प्रायोजक वापरू शकतील.

"हे वाचलंत का?"

"मॅडम, चष्म्याशिवाय कोण वाचतंय मागचं?" त्या म्हणाल्या. "कुपनं साडीच्या दुकानानेच छापून दिली. सोडत झाल्यावर पेटी त्यांनाच परत दिली."

दादरच्या त्या दुकानदाराने हात वर केले. त्याला दिवाळीला बायकांना मेसेज पाठवायचे होते, त्यासाठी कुपनांची यादी करायला एका टायपिंगवाल्याकडे पेटी दिली होती. "यादी अजून आलीच नाही मॅडम. गणपतीच्या पावती पुस्तकांची गर्दी आहे म्हणाला. पेटीपण त्याच्याकडेच."

म्हणजे ती माहिती त्या क्षणी एकाच माणसाकडे होती.

चार सप्टेंबरला दुपारी आम्ही पंच घेऊन त्याच्याकडे गेलो. परळच्या एका गल्लीत तळमजल्याची खोली, दोन संगणक, एक छपाईचं यंत्र, चहूकडे मंडळांच्या अहवालांचे गठ्ठे. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. भागात त्याला सगळे सर म्हणत. आमच्याच ठाण्याची शांतता समितीची निमंत्रणपत्रिका त्याने छापलेली होती. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, पंखा लावला, पेटी स्वतःहून काढून दिली.

ठाण्यात आणल्यावर त्याची भाषा तशीच सभ्य राहिली. "पेटी माझ्याकडे होती हे कबूल. पण माझ्याकडे दहा माणसं येतात. पत्रिका घ्यायला, अहवाल तपासायला. कोणीही बघितलं असेल. मी बालबच्चेवाला माणूस आहे, मॅडम."

नवीन अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगायची, अशा माणसावर आवाज चढवू नका. आवाज चढला की तो सभ्य ठरतो आणि तुम्ही नाही. मी चहा मागवला. पेटीतल्या कुपनांतून मेधाचं कुपन मी आधीच काढून ठेवलं होतं. ते पाच-सहा कुपनांत मिसळलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

"सर, तुम्ही अक्षरं लावण्यातले. आम्हाला पंचनाम्यात नावं घालायचीत आणि बायकांची अक्षरं बघा कशी आहेत. जरा वाचून देता? भाऊ टाईप करतील."

तो खूष झाला. चष्मा लावला आणि वाचू लागला. चौथं कुपन उचललं, सासरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "माहेरचं नाव, मेघा."

"परत बघा. मेधा असेल."

"मेघाच आहे. ही गाठ नाही इथे. मी रोज हेच करतो मॅडम."

"तुमच्या संगणकावरच्या यादीत काय टाईप केलंय?"

"मेघा."

"फोनवर पण मेघाच म्हणायचात." मी म्हटलं. "तिचं नाव मेधा आहे. तिला लहानपणापासून ओळखणारा प्रत्येक माणूस मेधा म्हणतो. या कागदावरून वाचणारा तेवढा मेघा म्हणतो."

त्याने कुपन खाली ठेवलं, पण सावरला. यादी कोणीही बघू शकतं, हे पुन्हा सुरू केलं. तेव्हा मी सहज विचारलं, "आणि ती शेवंता कोण हो?"

"असेल कोणीतरी बाई."

"म्हैस होती."

भाऊंना हसू आवरलं नाही. दारातल्या शिपायालाही नाही. माझ्या नोकरीत मी पाहिलं आहे की काही माणसं दरडावल्याने फुटत नाहीत, दिवसेंदिवस बसतात. पण आपण हसं झालो हे कळलं की त्यांच्यात उभं राहायचं बळ उरत नाही. सर म्हणवून घेणाऱ्या त्या माणसाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मी कोणाला वाईट बोललो नाही," तो म्हणाला. "फक्त नावाने हाक मारायचो. गप्प व्हायच्या. बस्स, तेवढंच."

तेवढंच. बारा घरांतल्या बायका सकाळी फोन वाजला की दचकत होत्या, एकीचं मूल तिच्यापासून तुटायला आलं होतं, आणि त्याला हवी होती ती पलीकडची शांतता. टोनरच्या रिकाम्या खोक्यात ठेवलेला दुसरा मोबाइल त्याने स्वतः दाखवला. पंचांसमोर जप्त केला. सिम तेच होतं. भादंवि ३५४ (ड) लावलं. पाठलाग फोनवरूनही होतो आणि कायदा त्यालाही गुन्हाच मानतो, हे त्या काळात अनेक पोलिसांनाही सांगावं लागे.

त्याच संध्याकाळी सहा वाजता मी वर्दीत मेधाच्या चाळीत गेले. मुद्दाम वर्दीत. आधी दोनदा साध्या कपड्यांत गेले होते, आता लपवण्यासारखं काही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, आत या. मी म्हटलं, "नको, इथे गॅलरीतच बरं. यांच्याबद्दलचं बोलणं गॅलरीतच झालं होतं ना?" दहा-बारा दारं अर्धी उघडी होती. ती पूर्ण उघडली.

मी कुपनाची प्रत काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आरोपी पकडला आहे. तो या बाईंना ओळखत नाही, यांनी त्याला कधी पाहिलेलं नाही. त्याने सोडतीच्या कुपनावरून नाव घेतलं, आणि तेही चुकीचं वाचलं. असेच फोन आणखी अकरा घरांत गेले होते. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला एक बाई पटकन आत गेली. तिच्या घराचा नंबर माझ्या यादीत होता. मी तिकडे पाहिलं नाही.

नवरा मान खाली घालून उभा होता. सासूबाईंनी प्रत हातात घेतली, लांब धरून वाचायचा प्रयत्न केला.

"हे मेघाच दिसतंय हो," त्या पुटपुटल्या.

"मेधा," सून म्हणाली. उंबऱ्यात उभी होती, हात पिठाने माखलेले. "मेधा. अकरा वर्षांत एकदा विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

सासूबाई मुलाकडे वळल्या. "उभा काय राहिलास? हिचं परतीचं तिकीट बघ मिळतं का ते."

"मिळेल का आता?" तो म्हणाला.

"नाही मिळालं तर तू उभा राहून ये. ती बसेल."

"मी माझ्या वडिलांकडे दोन दिवस राहून येणार," मेधा म्हणाली. "पोलीस दारात आला म्हणून त्यांना तोंड लपवावं लागतंय. तुम्ही दोघांनी माझ्याबरोबर यायचं आणि वाडीत सांगायचं काय झालं ते. मग आपण सगळे एकत्र परत येऊ."

नवऱ्याने मान हलवली. त्या पोलिसाला पाठवणारी मी होते. मी तिथल्या तिथे तालुक्याच्या ठाण्याला लेखी कळवलं की या कुटुंबाविरुद्ध काहीही नाही, आणि पत्राची प्रत तिच्या हातात दिली. वडिलांना दाखवायला.

माझ्या नोकरीत मोठ्या केसेस झाल्या. काहींची बातमी आली, एकीसाठी पदक मिळालं. पण कोणी विचारलं की अभिमान कशाचा, तर मी या कुपनाचं नाव घेते. तिथे ना हत्यार होतं ना गोळीबार. दोन जबाब सही करायच्या आधी वाचले एवढंच. ते न वाचता सही केली असती तर बंदोबस्ताच्या धामधुमीत कोणी मला दोष दिला नसता, आणि एक बाई मुलीशिवाय माहेरी बसली असती.

या केसने मला शिकवलं ते माझ्या आधीच्या समजुतीपेक्षा वेगळं होतं. बायका भोळ्या असतात म्हणून माहिती देतात, असं मला वाटायचं. तसं नाही. ज्या बाईला अकरा वर्षांत कोणी तिचं नाव विचारलं नाही, तिला कागदावर कोणी विचारलं की ती लिहिते, आणि आनंदाने लिहिते. म्हणून मी बायकांना बावळट म्हणत नाही. मी त्यांना सांगते, बक्षिसाच्या कागदाला तुमची ओळख लागत नाही. लग्नाची तारीख, जन्मतारीख, मुलांची शाळा, घरी असायची वेळ, हे रकाने कोरे सोडा. कोऱ्या रकान्यामुळे कोणाची पैठणी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. मागची बारीक अक्षरं वाचा, दिसत नसतील तर शेजारणीला वाचायला लावा. मोबाइलवर येणाऱ्या स्पर्धांनाही हेच लागू. सोडत झाल्यावर कागद कुठे जाणार, हे भरण्याआधी तोंडावर विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या पेटीत काही टाकू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आमच्याकडे मंडळांची समन्वय बैठक होती. गणपतीत निम्मी मंडळं सोडती काढतात. मी प्रत्येकाला आपापल्या कुपनाचा नमुना आणायला रात्रीच निरोप दिला होता. तेवीस नमुने टेबलावर आले. मी लाल पेन घेतलं आणि एकेक कुपन पुढे ओढून रकाने खोडायला सुरुवात केली.

"मॅडम, मग कुपनावर राहिलं काय?" एक कार्यकर्ता कुरकुरला. "विजेता ओळखायचा कसा?"

"क्रमांक छापा. अर्धा तुकडा पेटीत, अर्धा बाईच्या हातात. आकडा पुकारा. जिच्याकडे तुकडा, ती पुढे येईल."

"आणि नाव?"

"स्टेजवर आली की तिलाच विचारा," मी म्हटलं. "आणि नीट ऐका." मग पुढचं कुपन ओढलं.